कर्करोगाच्या पेशीची भूक आणि तिच्या मागावरचे नॅनोकण

‘नॅनोकणांनी कर्करोगाच्या पेशी शोधून नष्ट केल्या’ अशा अर्थाची बातमी दर थोड्या दिवसांनी वाचायला मिळते. सोबत बहुधा एक चित्र असतं: चकचकीत गोळे रक्तातून धावत येऊन एका काटेरी पेशीवर तुटून पडतायत. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे त्यांच्या फोनवर ती बातमी लगेच पोचते आणि प्रश्न सुरू होतात. हे औषध कुठे मिळतं? आमच्या पेशंटला चालेल का? डॉक्टर आपल्याला हे का सांगत नाहीत?

या प्रश्नांना नीट उत्तर मिळायला हवं, कारण ते विचारणारी माणसं अडचणीत असतात. त्यासाठी कर्करोगाची पेशी खाते काय आणि कशी, इथून सुरुवात करावी लागेल. या संशोधनातले बरेच नॅनोकण पेशीचा माग काढतात तो तिच्या खाण्यापिण्यावरून आणि ती बाहेर टाकत असलेल्या आम्लावरून.

पेशी ‘खाते’ म्हणजे काय करते

पेशीत येणारं अन्न मोडणं, त्यातून ऊर्जा काढणं आणि उरलेल्या तुकड्यांतून नवे घटक बनवणं, या सगळ्या रासायनिक उलाढालीला चयापचय म्हणतात. ग्लुकोज हे त्यातलं मुख्य इंधन. पेशी ते दोन टप्प्यांत वापरते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. त्याला ऑक्सिजन लागत नाही, काम झटपट होतं, पण मिळकत बेताची: एका ग्लुकोजमागे एटीपीचे फक्त २ रेणू. एटीपी म्हणजे पेशीत ऊर्जा इकडून तिकडे नेणारा रेणू. दुसऱ्या टप्प्यात ते तुकडे मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भागात ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळले जातात आणि एकूण मिळकत ३० रेणूंच्या आसपास जाते.

ऑक्सिजन असेल तर पेशी सहसा दुसरा टप्पाही पार पाडतात. जोरात धावताना स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा काम पहिल्या टप्प्यावर भागवावं लागतं, आणि मग लॅक्टेट म्हणजेच दुग्धाम्लाचं रूप साठत जातं.

वॉरबर्ग यांना काय दिसलं

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग उंदरांच्या गाठींचे पातळ काप काचेच्या बंद भांड्यात ठेवून ते किती ऑक्सिजन घेतात आणि किती आम्ल सोडतात हे मोजत होते. त्यांना आढळलं, की भरपूर ऑक्सिजन असतानाही गाठीचे काप भराभर ग्लुकोज खातात आणि त्यातल्या मोठ्या हिश्श्याचं लॅक्टेट करून टाकतात. याला पुढे ‘वॉरबर्ग परिणाम’ असं नाव पडलं. वॉरबर्ग यांना १९३१ मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र पेशीच्या श्वसनात काम करणाऱ्या विकराच्या शोधासाठी. (विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन.)

या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले असतात आणि तेच कर्करोगाचं मूळ आहे, असं वॉरबर्ग यांचं मत होतं. ते टिकलं नाही. बहुतेक गाठींमध्ये मायटोकॉन्ड्रिया चालू असतात आणि आपलं काम करत असतात. मग ३० सोडून २ वर समाधान का मानायचं? कारण वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा मालही लागतो. घराचं बांधकाम चालू असताना हाताशी असलेलं सगळं लाकूड चुलीत घातलं तर ऊब भरपूर मिळेल, पण चौकटी आणि वासे कशाचे करणार? ग्लुकोजचे कार्बन अणू पूर्ण जाळले तर ते कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. अर्धवट मोडले तर त्यांतला काही माल डीएनए, चरबीची आवरणं आणि प्रथिनं बनवायला वळवता येतो. दर काही दिवसांनी स्वतःची दुसरी प्रत काढणाऱ्या पेशीला हा सौदा परवडतो. शिवाय ग्लुकोज रक्तातून येतच राहतं.

या राहणीच्या तीन खुणा मागे उरतात. एक, पेशी ग्लुकोज जास्त ओढते. त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणारी दारं, म्हणजे ‘ग्लुट-१’ नावाची प्रथिनं, वाढलेली असतात. दोन, ती लॅक्टेटबरोबर आम्ल बाहेर ढकलते, त्यामुळे गाठीच्या आतलं, पेशींच्या मधलं पाणी आम्लधर्मी होतं. तीन, काही विकरं नेहमीपेक्षा जास्त काम करत असतात. पुढचं सगळं या तीन खुणांभोवती फिरतं.

ही भूक दवाखान्यात आजही वापरली जाते

पेट स्कॅन करून घेतलेल्या माणसाने वॉरबर्ग परिणाम स्वतःच्या शरीरावर वापरलेला असतो, फक्त त्याला कुणी तसं सांगत नाही. स्कॅनच्या आधी काही तास उपाशी राहायला सांगतात. रक्तातली साखर तपासतात; ती फार वाढलेली असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. मग शिरेतून एक इंजेक्शन देतात आणि सुमारे तासभर शांत पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, चघळायचं नाही, फोन चाळायचा नाही. कारण जो स्नायू काम करेल तो ग्लुकोज ओढेल आणि चित्रात उजळून दिसेल.

इंजेक्शनमध्ये असतं एफडीजी. हे ग्लुकोजच, फक्त त्यातला एक लहान भाग काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेते. पहिलं विकर त्यावर आपलं काम करतं, पण बदललेल्या भागामुळे पुढच्या विकराला ते हाताळता येत नाही. पहिल्या विकराने त्याला फॉस्फेट चिकटवलेलं असल्यामुळे ते बाहेरही पडू शकत नाही. अशा रीतीने भुकेली पेशी हा पदार्थ साठवत जाते आणि स्कॅनरच्या कड्यात तिचा ठिपका उजळतो. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून काम भराभर उरकावं लागतं. माणसावर हे पहिल्यांदा १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केलं गेलं.

याच स्कॅनमध्ये या तत्त्वाच्या मर्यादाही दिसतात. मेंदू लखलखतो, कारण तो नेहमीच ग्लुकोजवर चालतो. हृदय कधी दिसतं, कधी नाही. मूत्राशय चमकतं, कारण एफडीजी लघवीतून बाहेर पडतं. क्षयाची गाठ, न्यूमोनिया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया हेही उजळतं, कारण संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीसुद्धा अधाशासारखं ग्लुकोज खातात. उलट प्रोस्टेटचे बरेचसे कर्करोग आणि इतर काही संथ वाढणाऱ्या गाठी जेमतेम दिसतात. म्हणून पेट स्कॅनमध्ये ठिपका दिसला म्हणजे कर्करोगच, असं कुठलाही जबाबदार डॉक्टर म्हणत नाही. संशय असेल तिथे बायोप्सी करावी लागते.

मग साखर बंद केली तर पेशी उपाशी मरेल ना?

हा प्रश्न विचारला जातोच, आणि त्यापायी रुग्णांचे हाल होताना दिसतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

साखर खाणं पूर्ण बंद केलं तरी रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. मेंदू आणि तांबड्या पेशी त्यावर अवलंबून असल्यामुळे शरीर ते संपू देत नाही. यकृत साठ्यातून ग्लुकोज सोडतं आणि साठा संपला की स्नायूंतली प्रथिनं मोडून नवं बनवतं. म्हणजे उपासमारीची किंमत मोजतात रुग्णाचे स्नायू, आणि कर्करोगाच्या पेशीला तिचा वाटा मिळतच राहतो. वजन आणि स्नायू घटलेला रुग्ण केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया कमी सोसू शकतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायलाच हवी, लठ्ठपणाचा काही कर्करोगांशी संबंध आहे, हे खरं. पण आजारी माणसाच्या ताटातला घास काढून घेऊन गाठ वाळत नाही. आहारात मोठा बदल करायचा असेल तर तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

‘अल्कलाइन’ पाण्याचंही तसंच. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजण्याचा आकडा, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. पिण्याने किंवा खाण्याने लघवीचा पीएच बदलेल, रक्ताचा नाही. गाठीतलं आम्ल गाठच तयार करते, ते जेवणातून आलेलं नसतं.

पेट स्कॅन आहे, तर नॅनोकण कशाला?

पेट स्कॅनचा ठिपका साधारणपणे काही मिलिमीटरपेक्षा लहान गाठ नीट दाखवू शकत नाही. एक सेंटीमीटरच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असू शकतात. म्हणजे ‘लवकर सापडला’ असं आपण म्हणतो तेव्हाही फार उशीर झालेला असू शकतो. दुसरं, स्कॅन शस्त्रक्रियेच्या आधी होतो. शस्त्रक्रिया चालू असताना गाठीची कड नेमकी कुठे संपते हे सर्जनला डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखावं लागतं. आणि तिसरं, स्कॅन दाखवतो. औषध पोचवत नाही.

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचा कण. औषधांत त्याहून थोडे मोठे कणही याच नावाने ओळखले जातात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारे ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो, तांबडी रक्तपेशी ७,००० ते ८,००० आणि डीएनएचा धागा सुमारे २ नॅनोमीटर रुंद. या आकारात एक सोय आहे. औषधाच्या सुट्या रेणूपेक्षा कण खूप मोठा असल्यामुळे त्यावर एकाच वेळी अनेक गोष्टी बसवता येतात: आत औषध, बाहेर चमकणारा रंग, पृष्ठभागावर ग्लुकोजसारखे रेणू, आणि ठरावीक परिस्थितीतच उघडणारं आवरण. सोन्याच्या कणांवर ग्लुकोज चढवून ते भुकेल्या गाठीत साठतात का आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतात का, असे प्रयोग प्राण्यांवर झालेले आहेत.

पण या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आवरण. कर्करोगाच्या आणि निरोगी पेशीच्या चयापचयात फरक असतो, पण तो बहुतेक वेळा कमी-जास्तीचा असतो. दुप्पट, चौपट असा. डॉक्टरला मात्र उत्तर हवं असतं ‘आहे’ किंवा ‘नाही’. छोटा फरक घेऊन त्यातून स्पष्ट हो-नाही काढणं हे चांगल्या नॅनोकणाचं खरं कसब आहे.

आम्ल लागताच पेटणारा कण

हे कसं घडतं ते एका उदाहरणात जवळून पाहू. रक्ताचा पीएच ७.४. गाठीतल्या पेशींच्या मधल्या पाण्याचा साधारण ६.५ ते ६.९. आकडे जवळजवळ सारखे वाटतात, पण पीएचचं माप असं आहे की आकडा एकाने उतरला की आम्ल दहापट होतं. ७.४ वरून ६.८ म्हणजे आम्लाचं प्रमाण चौपट.

टेक्सासमधल्या डॅलस इथे यूटी साउथवेस्टर्न या संस्थेत जिनमिंग गाओ यांच्या गटाने हा चौपटीचा फरक ओळखणारा कण बनवला. बहुलकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या लांब साखळ्या पाण्यात आपोआप एकत्र येऊन त्याचा बारीक गोळा होतो. साखळ्यांना इंडोसायनिन ग्रीन हा रंग जोडलेला असतो. हा रंग डॉक्टर अनेक दशकं रक्तप्रवाह पाहायला वापरत आले आहेत. गोळ्यात रंगाचे रेणू इतके दाटीने असतात की ते एकमेकांचा प्रकाश गिळून टाकतात. कण रक्तात फिरत असतो तोवर अंधारच.

आता कण गाठीत शिरतो. साखळीवर असे रासायनिक गट बसवलेले असतात की पीएच ठरावीक आकड्याच्या खाली गेला की ते पाण्यातला हायड्रोजन आयन उचलतात आणि त्यांच्यावर धन भार येतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात. एका गटाला भार आला की शेजारच्याला तो घेणं सोपं होतं, त्यामुळे गोळा हळूहळू न विरघळता एकदम फुटतो. रंगाचे रेणू सुटे होतात आणि चमकू लागतात. तो प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, जवळच्या अवरक्त पट्ट्यातला असतो; शस्त्रक्रियेच्या टेबलावर खास कॅमेरा लावला की पडद्यावर गाठ उजळते आणि भोवतालचा भाग काळा राहतो.

२०२० मध्ये या कणाच्या पहिल्या मानवी चाचणीचे निष्कर्ष नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. ३० रुग्ण होते आणि कर्करोग चार प्रकारचे: डोकं-मान, स्तन, अन्ननलिका आणि मोठं आतडं. एकच कण चारही प्रकारांत चालला. एरवी स्तनाच्या गाठीसाठी एक रेणू शोधा, आतड्याच्या गाठीसाठी दुसरा, असं करावं लागतं. आम्ल ही सगळ्यांना जोडणारी खूण असल्याने तो खटाटोप वाचतो. या कणाचं नाव आता पेग्सिटासायनिन आहे. सुजलेला किंवा संसर्ग झालेला भागही आम्लधर्मी होऊ शकतो, त्यामुळे उजळलेला प्रत्येक तुकडा कर्करोगाचा नसतो. तरीही टाके घालण्याआधी सर्जनला ‘इथे अजून काहीतरी उरलंय’ असं दिसणं ही रुग्णाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

पीएच पाहून वागणारे कण माणसांत चालतात का, याची शंका असेल तर कोविडच्या एमआरएनए लशी आठवाव्यात. त्यांतले चरबीचे नॅनोकण रक्ताच्या पीएचला भाररहित असतात. पेशीने त्यांना गिळलं, की ज्या आम्लधर्मी पिशवीत ते जातात तिथे त्यांच्यावर भार येतो, पिशवीचं आवरण भेदलं जातं आणि एमआरएनए बाहेर पडतं. कोट्यवधी लोकांच्या दंडात हे घडून गेलं आहे.

लघवीत उमटणारी खूण

छोटा फरक मोठा करायची आणखी एक रीत एमआयटीमधल्या संगीता भाटिया यांच्या गटाने शोधली. गाठ वाढताना भोवतालची जाळी तोडण्यासाठी काही विकरं सोडते. या गटाने नॅनोकणावर प्रथिनांचे छोटे तुकडे लावले, जे तीच विकरं कापतील. एक विकर एकामागून एक असंख्य तुकडे कापत जातं; कापलेले तुकडे मूत्रपिंडातून गाळून लघवीत येतात आणि कागदी पट्टीवर ओळखता येतात. २०२४ मध्ये त्यांनी श्वासावाटे घ्यायच्या अशा कणांनी उंदरांतला फुप्फुसाचा कर्करोग ओळखल्याचं प्रसिद्ध केलं. हे थेट चयापचय नव्हे, त्याच्या शेजारचं काम. पण महागडं यंत्र नसलेल्या ठिकाणी तपासणी पोचवायची असेल तर ही वाट फार मोलाची ठरू शकते.

शोधणं झालं, मारायचं काय?

चयापचयावर नेम धरणं नवं नाही. १९४८ मध्ये बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांना फोलिक ॲसिडचं काम अडवणारं औषध दिलं आणि १० जणांत सुधारणा दिसली. ती टिकली नाही, पण औषधाने हा आजार मागे हटू शकतो हे तेव्हा कळलं. १९५७ मध्ये आलेलं ५-फ्लुओरोयुरॅसिल याच विचारातून जन्मलं: गाठीच्या पेशी युरॅसिल, म्हणजे आरएनए बनवायला लागणारा एक घटक, जास्त घेतात, तर त्यात एक अणू बदलून द्यावा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते आजही दिलं जातं. मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, वापरलं जाणारं ॲस्परॅजिनेज हे विकर रक्तातलं ॲस्परॅजिन (प्रथिनं बनवायला लागणारं एक अमिनो आम्ल) संपवतं. निरोगी पेशी ते स्वतः बनवू शकतात, ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही. उपाशी ठेवून मारण्याचं हे खरंखुरं, सिद्ध झालेलं उदाहरण.

नॅनोकणांच्या बाबतीत प्रयोगशाळेत बऱ्याच कल्पना चालू आहेत. एकात कणाच्या पोटात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर भरतात. ते गाठीतलं ग्लुकोज खाऊन टाकतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. कणात लोहही असेल तर त्या पेरॉक्साइडपासून पेशीला जाळणारे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. भूक आणि विष एकाच वेळी. कल्पना देखणी आहे, पण हेच विकर वाटेत रक्तात गळलं तर काय होईल याचाही विचार करा. म्हणून हे काम अजून प्रामुख्याने प्राण्यांपुरतंच आहे.

माणसांत रुळलेली नॅनो-औषधं याहून साधी आहेत. चरबीच्या बारीक पिशवीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं, अल्ब्युमिन प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ मध्ये. औषध जुनंच, वेष्टण नवं. डॉक्सोरुबिसिनच्या या रूपाचा हृदयाला होणारा त्रास कमी झाला, पण तळहात-तळपायांची त्वचा सोलवटण्याचा त्रास वाढला. हा फायदा खरा आहे. त्याला चमत्कार म्हणता येणार नाही.

निरोगी पेशीही तेच खातात, त्यांचं काय?

वॉरबर्ग परिणाम कर्करोगाची मक्तेदारी नाही. गर्भातल्या भराभर वाढणाऱ्या पेशी आणि संसर्गाशी लढायला उठलेल्या टी-पेशीही असंच खातात. ज्या टी-पेशींनी गाठीवर हल्ला करावा अशी आपली इच्छा असते त्यांनाही ग्लुकोज हवं असतं, आणि गाठीतलं आम्ल त्यांना आधीच मरगळून टाकत असतं. सगळीकडे ग्लुकोज अडवणारं औषध दिलं तर आपलीच फौज उपाशी राहील. औषध गाठीतच उघडलं पाहिजे हा नॅनोकणांमागचा आग्रह इथून येतो.

दुसरी अडचण पेशीच्या चलाखीची. ग्लुकोज कमी पडलं तर ती ग्लुटामिन या अमिनो आम्लाकडे वळते, चरबी जाळते. गाठीतल्या काही पेशी शेजारणीने टाकलेलं लॅक्टेटसुद्धा इंधन म्हणून वापरतात. ग्लुटामिनची वाट अडवणारं टेलाग्लेनास्टॅट हे औषध मूत्रपिंडाच्या कर्करोगात दुसऱ्या औषधासोबत देऊन पाहिलं, रुग्णांना जादा फायदा झाला नाही. एक रस्ता बंद केला की दुसरा चालू. काही ल्युकेमिया आणि मेंदूच्या गाठींत आयडीएच नावाचं विकर बदलून एक वेगळाच पदार्थ बनवू लागतं. तिथे फरक निव्वळ कमी-जास्तीचा उरत नाही आणि थेट त्या विकरावरची औषधं मंजूरही झाली आहेत. पण अशी स्वच्छ संधी क्वचित मिळते.

उंदरात जमतं ते माणसात का अडतं?

१९८६ मध्ये जपानमध्ये यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवलं, की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, फटींच्या असतात. त्या फटींतून मोठे कण आत झिरपतात आणि निचरा नीट नसल्यामुळे तिथेच राहतात. पुढची तीस वर्षं या क्षेत्राची भिस्त या फटींवर होती.

मग २०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं प्रमाण, मध्यक काढला तर, ०.७ टक्के. १,००० कणांतले ७. यावर वादही झाला: साधी औषधंही शरीरभर पसरतात, त्यांचाही थोडाच भाग गाठीत जातो, मग कणांनाच दोष का? मला हा आक्षेप अर्धा पटतो. पण उरलेले ९९३ कण कुठे जातात हा प्रश्न त्याने मिटत नाही. रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो, त्याखाली आपण हौसेने बसवलेले ग्लुकोजसारखे रेणू झाकले जाऊ शकतात, आणि यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला परका समजून गिळतात. २०२० मध्ये याच गटाने आणखी एक धक्का दिला: उंदरांच्या गाठीत शिरणाऱ्या कणांपैकी ९७ टक्क्यांपर्यंत कण फटींतून जात नाहीत, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी त्यांना स्वतः उचलून आत नेतात.

त्यात उंदराला टोचलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत फुगते आणि त्याच्या शरीराच्या मानाने अवाढव्य असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढलेली, कुठे घट्ट तर कुठे आतून मेलेली. एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही रक्तपुरवठा सारखा नसतो. म्हणून कर्करोगाची पेशी ओळखणं आपल्याला बऱ्यापैकी जमू लागलं आहे. तिथवर पुरेसं औषध नेणं अजून जमलेलं नाही. चित्र उजळायला थोडे कण पुरतात, गाठ मारायला पुरत नाहीत. माझ्या मते निदान आणि शस्त्रक्रियेतले नॅनोकण उपचारांतल्या कणांच्या आधी रुग्णांपर्यंत पोचतील, ते यामुळेच.

हे कण शरीरात राहून गेले तर?

कण कशाचा आहे आणि केवढा आहे, यावर ते ठरतं. साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंड गाळून लघवीत टाकतं. चरबीचे कण शरीर मोडून वापरतं. लोहाचे कण यकृत हळूहळू शरीराच्या लोहसाठ्यात मिसळतं. फेरुमॉक्सिटॉल हे लोहाच्या नॅनोकणांचं औषध रक्तक्षयासाठी २००९ पासून वापरात आहे, मात्र क्वचित तीव्र ॲलर्जी होते म्हणून त्यावर ठळक इशारा असतो. सोन्याचे मोठे कण यकृतात दीर्घकाळ राहू शकतात. त्यामुळे ‘नॅनो सुरक्षित आहे का?’ असा सरसकट प्रश्न विचारून उपयोग नाही. प्रत्येक कणाची वेगळी तपासणी लागते.

पुढची बातमी हातात येईल तेव्हा

आधी प्रयोग कशावर झाला ते शोधावं: काचेच्या ताटलीतल्या पेशी, उंदीर की माणसं. बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ते बहुधा असतं. माणसांवर असेल तर टप्पा कोणता ते पाहावं. पहिल्या टप्प्यात थोडे रुग्ण असतात आणि मुख्य प्रश्न असतो किती मात्रा झेपते हा. औषध आत्ताच्या उपचारापेक्षा सरस आहे की नाही हे तिसऱ्या टप्प्यात, शेकडो रुग्णांच्या तुलनेतून कळतं. ‘गाठ लहान झाली’ आणि ‘रुग्ण जास्त जगले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, बातमीत नेमकं कोणतं लिहिलंय ते बघावं.

घरात रुग्ण असेल तर बातमी घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जायला संकोच करू नये. ‘हे औषध द्या’ म्हणण्यापेक्षा ‘या प्रकारच्या कर्करोगासाठी कुठली चाचणी चालू आहे का आणि आमचा पेशंट तिच्यात बसतो का’ असं विचारलं तर उपयोगाचं उत्तर मिळतं. चाचणीत जायचं ठरलं तर चालू उपचारांतलं काय थांबणार, काय सुरू राहणार, त्रास झाला तर मधेच बाहेर पडता येईल का, हे संमतीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद घरी आणून सावकाश वाचायचा आणि शंका विचारायचा रुग्णाला हक्क आहे.